निळ्याहून निळी भिंत

१२ जाने., सोम.
सकाळी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि रस्त्याकडची भिंत रंगवायला घेतली. लेणी बघायला आलेल्या, आपल्याकडे उतरलेल्या आयर्लंडच्या बाई चहा घेऊन पायरीवर बसल्या. भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, "गोरम." त्यांच्या आजीच्या भाषेत निळा.

१३ जाने.
बाई गेल्या. जाताना शब्दाची रूपं सांगितली. स्त्रीलिंगी नामाबरोबर घोरम, घशातून. अनेकांना गोरमा. जास्त निळं म्हणजे नीस गिरिमे. विशेषण नामानंतर येतं. काळ्या कातडीच्या माणसालाही तिकडे 'निळा माणूस' म्हणतात. 'काळा माणूस' म्हणजे सैतान. हात बघितला. उन्हाने करपलेला, वर रंगाचे शिंतोडे. बरं वाटलं.

१७ जाने., शनि.
मुंबईची पार्टी आली. अंगणातूनच, "आडनाव काय तुमचं?" सांगितलं, कांबळे. बॅगा परत गाडीत.
गिऱ्हाइकं पाठवतो तो संतोष, आपल्या भाजे गावातलाच. त्याचा फोन: "भाऊ, भिंत पांढरी करा. लोकं लांबूनच वळखत्यात."
"वळखू दे की."
"मग पार्ट्या न्हाई पाठवणार मी."

१८ जाने.
विहारात वंदनेला मन लागलं नाही. घरी पोरीची आई म्हणाली, "पोरगी नर्सिंगला हाय. ह्या दोन खोल्यांवरच चाललंय. भिंत पांढरी केली म्हणून आपण बदलतो व्हय?" तिचं खोटं नाही. पण वडिलांनी याच जागी कुडाला चुन्यात नीळ कालवून फासली, तेव्हा गावाने त्यांना...
जाऊ दे.

२१ जाने., बुध.
लोणावळ्याला रंगाच्या दुकानात संतोष भेटला. "पांढरा ना, भाऊ?" दुकानदाराला म्हटलं, "मागच्यापेक्षा गडद निळा द्या." मनात, नीस गिरिमे.
संतोष म्हणाला, "लय ताठ मान हाय तुमची."
"रंग देऊन देऊन आखडली."

२३ जाने., शुक्र.
दुसरा हात झाला. पोरीच्या आईने शिडी धरली. खालून म्हणाली, "वरचा कोपरा सुटला की." दिला.
वळणावर आपल्या घरासाठी लावलेली 'हिल व्ह्यू' पाटी संतोषची. काढून त्याच्या दारात ठेवून आलो. तिथे माझी लावली: 'कांबळे यांचे घर. राहण्या-जेवणाची सोय.' आडनाव सगळ्यात मोठं, गाडीतून वाचता येईल असं. आता अंगणात येऊन कोणी विचारायला नको.
उद्या शनिवार.