आम्हाला कोणी सांगितलं होतं का

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुमची नात तुम्ही पाहिली नाहीत. ती पाच वर्षांची आहे, वयाच्या मानानं बारीक, आणि तिच्या पोटावर बेंबीच्या वर एक आडवा व्रण आहे. सध्या ती आणि तिची आई पुण्याला गेल्या आहेत. जर्मनीत, इंगोलश्टाटच्या या तीन खोल्यांत मी एकटाच. रविवार आहे, दुकानं बंद, आणि स्काइपवर मुलीशी झालेलं दोन वाक्यांचं बोलणं सोडलं तर सकाळपासून मी कुणाशी एक शब्दही बोललेलो नाही.

मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. हिचं ब्लडप्रेशर एकदम चढलं आणि तासाभरात ऑपरेशन करावं लागलं. ही एका मजल्यावर अर्धवट शुद्धीत, बाळ वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत, आणि मी बहुतेक वेळ मधल्या जिन्यात. दुसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला तिथेच गाठलं. आईला दूध येत नाहीये, दुसऱ्या आयांचं दूध मागवायला दोन-तीन दिवस लागतील, तोवर पावडरचं सुरू करू, असं म्हणाल्या. मग सावकाश बोलल्या, "इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांना या दुधावर आतड्याचा एक आजार थोडा जास्त होतो. तुम्हाला हे माहीत असायला हवं. काही विचारायचंय?" मी म्हणालो, "गेनाऊ, ओके." बरोबर, ठीक आहे. माझं जर्मन तेव्हाही चांगलं होतं. मला सगळं कळलं होतं. फक्त खाली हिच्याकडे जायची घाई होती.

नवव्या दिवशी बाळाचं पोट फुगून टणक झालं. आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढून टाकावा लागला. पोरगी वाचली. त्या आठवड्यात कधीतरी हिनं मला विचारलं, "दुधाबद्दल तुला कुणी काही सांगितलं होतं का रे?" मी म्हणालो, "नाही गं." ती व्हीलचेअरवर बसलेली होती, तिला अजून चालता येत नव्हतं. नंतर सांगू, असं मी ठरवलं होतं.

तुम्ही कोर्टात पट्टेवाले होतात. सुट्टीत मला सोबत न्यायचात. साक्षीदाराचं नाव पुकारताना तुमचा जो आवाज लागायचा तो घरी कधी ऐकला नाही. सातवीत मी प्रगतिपुस्तकावर तुमची सही केली, तो दिवस मला अजून दिसतो. आई माहेरी गेलेली, तुम्ही स्टोव्हवर पिठलं हलवताय, डाव्या हातात प्रगतिपुस्तक. मी मार खायच्या तयारीत उभा आहे. तुम्ही म्हणता, "माझी सही इतकी सुबक नसते." एवढंच. ताट वाढलंत, शेजारी बसलात, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

यंदा मार्चमध्ये मुलीच्या किटामधल्या, म्हणजे बालवाडीतल्या, एका मैत्रिणीच्या आईनं हिला सांगितलं की अशा आजारासाठी दावा लावता येतो. आम्ही म्युनिकला एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी फाइल आधीच वाचली होती. "दुधाच्या कंपनीवर दावा टिकणं कठीण," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलवर मात्र शक्य आहे. धोका समजावून सांगितल्याची कुठेच नोंद नाही, आणि सांगितलं होतं हे त्यांनाच सिद्ध करावं लागेल." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आई तर शुद्धीवर नव्हत्या. तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "याला सांगितलं असतं तर यानं मला सांगितलं असतं. हा माझ्यापासून काही लपवत नाही."

मी म्हणालो, "सांगितलं होतं." जिन्यातलं सगळं बोलणं सांगितलं. वकीलबाईंनी पेनचं टोपण लावलं आणि फाइल हलकेच आमच्याकडे सरकवली.

परतीच्या गाडीत ही खिडकीशी बसली. आमच्या स्टेशनवर उतरल्यावर म्हणाली, "मला दूध आलं नाही म्हणून हे झालं, असं मी पाच वर्षं स्वतःला बोलत राहिले. तू ऐकत होतास." भांडण झालं नाही. त्यानंतर घरात कामापुरतंच बोलणं उरलं. जूनमध्ये तिनं दोघींची तिकिटं काढली. परतीची काढली आहेत का, ते मी विचारलेलं नाही.

मघाशी स्काइपवर मुलगी दिसली. "पापा, हिअर इस्ट एस हाइस," इथे खूप गरम होतंय, म्हणाली. मी म्हटलं, "आईला दे जरा." ती मागे वळून बघते, कुणीतरी काहीतरी सांगतं, आणि ती म्हणते, "आई श्लेफ्ट." आई झोपलीय. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, उशिरा का होईना, खरं बोललास. म्हणूनच हे लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही, तुमच्याही फोटोपुढे वाचायचं नाही. त्या ऑफिसात मला तुम्ही आठवला नाहीत, कोर्ट आठवलं नाही, ती डॉक्टरीणही आठवली नाही. हिनं माझी हमी दिली, ती मला सोसली नाही, इतकंच. वकीलबाईंनी मला एकट्याला बोलावून विचारलं असतं, तर मी "नाही" म्हणालो असतो.