फॉर्ममधला जवळिकीचा रकाना

प्रिय सत्यजीत,

असं नाव लिहितानाच हात थबकला. उखाणा सोडला तर घरात मी तुमचं नाव अजून एकदाही घेतलेलं नाही. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही रविवारी आईंना फोन करता तो स्पीकरवर असतो, समोर आबा बसलेले, आणि माझ्या वाट्याला ‘जेवलात का’ एवढंच येतं. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. एकटे असाल तेव्हा वाचा.

परवा आबांबरोबर आपल्या राहू गावाहून शिरूरला गेले होते, व्हिसाचे फॉर्म भरणाऱ्या करुणाताईंकडे. त्यांनी आधी फोटो मागितले, दोघांचेच हवेत म्हणाल्या. लग्नाचे चारशे फोटो आम्ही चाळले. एकातही आपण दोघंच नाही. कुणी ना कुणी मधे आहेच, फेटे बांधलेले पाहुणे, कुठल्याशा पतसंस्थेचे माजी चेअरमन, तुमचे तिन्ही मामा. शेवटी जेजुरीचा सापडला, तुम्ही मला उचलून पाच पायऱ्या चढलात तेव्हाचा. यात जवळीक दिसते, असं म्हणून ताई खूश झाल्या. मला त्यात माझे घट्ट मिटलेले डोळे तेवढे दिसले. पडायची भीती वाटत होती, आणि तुम्हाला धरायचं कुठं तेही कळत नव्हतं. लग्नाला चारच दिवस झाले होते.

मग तो रकाना आला. तुमचं नातं कसं आहे, ते इंग्रजीत लिहा. करुणाताईंकडे तयार वाक्यं होती. ‘वुई आर व्हेरी क्लोज’, म्हणजे आम्ही एकमेकांच्या फार जवळचे आहोत. ‘वुई आर इन क्लोज टच’, म्हणजे सतत संपर्कात असतो. ‘वुई हॅव ग्रोन क्लोज’, म्हणजे हळूहळू जवळ आलो. कुठलंही उचल, बहुतेक मुली पहिलंच लिहितात, असं त्यांचं म्हणणं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेय; शाळेतल्या पोरीलाही जमावीत अशी ती वाक्यं. तरी पेन हलेना. लग्नाला चौदा महिने झाले, त्यातले एकोणीस दिवस आपण एका घरात होतो. तुम्हाला चहात साखर किती लागते, तेसुद्धा मला आईंनी सांगितलंय. आणि खाली छापलेलं, वरील मजकूर खरा आहे. खोटं लिहिलं आणि व्हिसाच्या साहेबानं खोलात जाऊन विचारलं तर? खरं लिहिलं आणि व्हिसा नाकारला तर आईंना काय तोंड दाखवू? खरं सांगायचं तर व्हिसा मिळण्याचीही तेवढीच भीती वाटते. विमानातून उतरून ज्यांच्या घरी जायचं, ते रागावले की बोलतात का गप्प बसतात, हेही मला माहीत नाही.

मला वेळ लागतोय म्हणून बाहेर चहा घेत बसलेले आबा आत डोकावले. मायेनंच म्हणाले, “सूनबाई, लई इचार करू नगं. समदी लिवत्यात तेच लिव आन् चल.” मान डोलावली खरी.

मी त्यांचं ऐकलं नाही. स्वतःचं लिहिलं आणि सही केली. करुणाताईंनी कपाळाला हात लावला. मी लिहिलं होतं, ‘वुई आर नॉट क्लोज येट. वुई वॉन्ट टू बी.’ आम्ही अजून जवळचे झालेलो नाही, आम्हाला व्हायचंय. अर्ज काल गेला. घरात कुणालाच ठाऊक नाही. तिकडचे साहेब तुम्हालाही फोन करून हेच विचारतील असं ताई म्हणतात, तेव्हा तुम्हाला आधी माहीत असावं म्हणून हे पत्र. पहिलं वाक्य मला खात्रीनं माहीत होतं. दुसरं मात्र तुमच्या वतीनंही लिहून बसले, तुम्हाला न विचारता, आणि परवापासून त्याचीच धास्ती घेतलीय. तुमच्या बाजूनं ते खरं नसेल, तर साहेबांच्या आधी मला सांगा. कितीही वाजता फोन केलात तरी मी उचलेन.

फोनची वाट पाहणारी तुमची,
अपेक्षा