आईने धुतलेलं शेवाळ

धसई,
मार्च १९९८

प्रिय दीप्ती,

परवा फोनवर तू हसत होतीस. पण लोकांचं भात वाहता वाहता स्वतःची गिरणी टाकलेला माणूस आहे मी. पट्टा सटकायच्या आधी मला आवाज कळतो. तू रडून आली होतीस. यंदा समुद्राचं पाणी फार तापलंय, खडकांवर शेवाळ अजून हिरवं आहे पण त्यावरचे तू मोजतेस ते तिळाएवढे जीव नाहीसे होतायत, एवढं सांगितलंस आणि "बाकी बरं आहे" म्हणालीस. बरं नाही, हे मला इथे बसून ऐकू आलं.

ते जीव शेवाळावरचा मळ खाऊन त्याला साफ ठेवतात, माशांची पिल्लं त्यांच्यावर जगतात, हे तू शिकवलेलं मी गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. आपला साईनाथ म्हणतो, "जयरामशेठ, तुमी भात सडा, समुद्र ऱ्हाऊ द्या!"

गेल्या वर्षी म्हसा गावच्या जत्रेला आलीस तेव्हा बर्फाच्या डब्यातून तेच शेवाळ आणलंस आणि दमून झोपलीस. आईने ते माठाच्या भाजीसारखं सात पाण्यांनी धुतलं, पाणी मिरचीच्या रोपांना घातलं. तू उठल्यावर केवढ्या हौसेने म्हणाली, "किती किडं व्हतं गो त्यात, सगळं काढलं बघ!" तुझी हिवाळाभराची मेहनत रोपांच्या मुळाशी गेली. "तुला काय कळतंय!" म्हणून तू दुपारच्याच एसटीने निघालीस. तुझा राग खोटा नव्हता. पण यंदाची जत्राही झाली, तू आली नाहीस.

पुढचं तुला माहीत नाही. त्या दिवसापासून ती भाजी धुतलेलं पाणी एकदम फेकायची नाही. पातेलं उन्हात धरायची, वाकून बघायची, मग हळूच ओतायची. मी चेष्टा केली, तर म्हणाली, "हसू नका. एकदा गेलं माझ्या हातून, तेवढं बस." तुझा फोन आला की जवळ उभी राहायची, घे म्हटलं तर नको म्हणून मान हलवायची. नंतर पहिला प्रश्न, "सापडलं का तिला जीव?" मागे एकदा मी हो म्हणून टाकलं. त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

हे पत्रातून सांगतोय, कारण फोन आता तिच्या खाटेशेजारी आहे. दिवाळीपासून ती उठलेली नाही. कल्याणच्या डॉक्टरांनी पोटात गाठ सांगितली, आता घरी न्या म्हणाले. तुला कळवायचं नाही, असं तिने माझ्याकडून वचन घेतलं. "तिचं जीव मरतायत तिकडं, तिला मधीच बोलवू नका. पाणी निवलं का येल ती." बाळा, पाणी निवायला पावसाळा लागेल आणि तेवढे दिवस तिच्यापाशी नाहीत. वचन मोडतोय. मोजणी अर्धी टाक आणि ये. माफीबिफी मागू नकोस, ती घाबरेल. तिच्याजवळ बस, हात धर, आणि पाणी निवलं म्हणून आले, एवढंच सांग.

तुझाच, वाट बघायलाही घाबरलेला
बाबा