कार्ड पाहूनच टपाल

३ मे १९७९
आजपासून पोस्टाचं काम शास्त्रशुद्ध. गावातल्या सहाशे बारा माणसांची कार्डं मी एकट्याने लिहिली, बुटांच्या खोक्यांत अक्षरवार लावली. पोस्टमन गुलाब वीस वर्षं पत्ते नुसते डोक्यात ठेवून टपाल वाटतो. उद्या तो आजारी पडला तर? त्याला मेमो दिला: आठवणीवर एकही पत्र वाटू नये, कार्डावर पत्ता न लागल्यास परत पाठवावं. त्याने सही केली. पटलेलं दिसतं.

९ मे
चार पत्रं परत. गुलाब म्हणतो, चौघंही ओळखीची होती. प्रश्न ओळखीचा नाहीच, सिस्टिमचा आहे.

१४ मे
रूपरावांची सून आली. माहेरची सुलोचना, लग्नात इथे नाव बदलून लीला झाली. नर्सिंग ट्रेनिंगचा अर्ज लग्नाआधी नागपूरला केलेला, नंतर तिथे फक्त हे गाव कळवलं, म्हणून मुलाखतीचं बोलावणं इथे जुन्या नावाने येणार. सासऱ्यांनी ही एकच संधी दिली आहे. यंदा जमलं नाही तर विषय कायमचा बंद. मी म्हणालो, निर्धास्त राहा. लगेच दोन कार्डं केली. सुलोचना: 'लीला पाहा'. लीला: 'सुलोचना पाहा'. दोन्हीकडून बंदोबस्त! स्वतःवरच खूश झालो.

२ जून, सकाळी ११
सुपरिंटेंडेंट साहेबांना माझ्या योजनेचा रिपोर्ट लिहीत होतो. गुलाब मध्येच एक लांब पाकीट घेऊन आला. म्हणे, हे कार्ड त्या कार्डाकडे पाठवतं, ते परत या कार्डाकडे, पत्ता कुठेच नाही, पण घर मला ठाऊक आहे. मी मेमो दाखवला. पाकिटाकडे न बघता परतीची सही ठोकली. लोक एकाग्रतेने काम करू देत नाहीत.

८ जून
रूपरावांची सून पुन्हा आली. पत्र नाही. नागपूरच्या ऑफिसांच्या ढिलाईबद्दल तिला बरंच सांगितलं. बिचारी मान डोलावत होती.

२० जून
तिचा भाऊ ताराचंद नागपूरला जाऊन आला. पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. 'पत्ता लागत नाही', खाली माझी सही. मुलाखती ११ तारखेला झाल्या, जागा भरल्या.
गुलाबला विचारलं, नुसतं देऊन का नाही टाकलंस?
"सांगतलं व्हतं साहेब. तुमी मेमो दाखवला."
त्याने नियम पाळला, हे योग्यच. कार्डांत किरकोळ दुरुस्ती हवी, एवढंच. असं लिहितोय खरं, पण जेवण गेलं नाही. लाज वाटते.

२३ जून
ती आली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, मी स्वतः लिहून देतो, म्हणालो. ती ऐकून घेत होती.
"सुलोचनाचं कार्ड फाडून टाका साहेब. तिच्या नावानं आता काई येनार नाई."
तिच्यासमोर फाडलं. लीलाच्या कार्डावरची जुनी ओळ खोडून लिहिलं: रूपरावांचं घर, मारुतीच्या देवळामागे.
आता पत्ता बरोबर लागतो.