शिवलिंग परत बॉयलरवर

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

तेलगिरणीच्या गेटवर आज युनियनतर्फे मी गरजलो, "औषध घेणं हा गुन्हा नाही!" मालक नमला. नसेच्या दुखण्याची गोळी घेतो म्हणून घरी बसवलेल्या शिवलिंगला त्यानं परत बॉयलरवर घेतलं. कामगारांनी गुलाल उधळला.

मग टपरीवर चहा पिताना शिवलिंगच्या हातातला कप कलंडला. डोळे मिटले होते. हलवलं तर हसला, "काही न्हाई अण्णा, गोळीनं जरा झापड यायलीय."

इतके कायदे वाचले, पण झोप येते का, हे त्याला एकदाही विचारलं नाही? मालकानं डॉक्टरांना न विचारता काढलं. मी तरी कुठं विचारून परत बॉयलरवर आणलं? डॉक्टरांचा दाखला येईपर्यंत त्याच पगारात दुसरं काम, एवढंच मागायला हवं होतं. तो कप कलंडला तेवढ्या वेळात वाफेचा दाब किती चढतो?

आत्ता फोन केला. "उद्या बॉयलरला हात लावू नको."

"मग तुमच्यात अन् मालकात फरक काय, अण्णा?"

"सहाला गेटवर थांबतो. आधी दवाखान्यात जाऊ."

त्यानं फोन ठेवला. गिरणीला मागचंही गेट आहे.