काच धुतल्यावर

कूसिजार्वी, लॅपलंड
१२ जानेवारी १९८६

चि. साइमीस एव्हर्टचे अ. उ. आ.

आम्ही दोघं ठीक आहोत. पारा उणे बारा आणि उणे अठ्ठावीस यांच्यात झोके घेतोय, आणि तो मीच हलवतो असा चेहरा तुझी वहिनी रोज सकाळी करते.

पत्र खास कामासाठी. गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी उडत नाही. बटण दाबलं की खालून घूं घूं आवाज येतो, पण बॉनेटवरच्या दोन्ही भोकांतून थेंब नाही. गेल्या मंगळवारी दुकानातून येताना पुढच्या ट्रकनं खारट चिखल काचेवर फेकला. वायपरनं तो नुसता सारवला, आणि रस्त्याच्या कडेनं पायानं रेटायची घसरगाडी घेऊन चाललेली शेजारची हेल्वी मला दिसलीच नाही. लेम्पीनं स्टिअरिंग ओढलं म्हणून निभावलं. हेल्वीला खरचटलंही नाही, तिचे बटाटे तेवढे रस्ताभर झाले. हा काचेवर पाणी मारणारा वॉशर चालत नाही तोवर गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, असं तिथंच ठरवलं.

तीस वर्षं टपालाची बस चालवली, कधी कुणाला ओरखडा नाही. दोष त्या काचेचा. नवऱ्यामागं गॅरेज तू चालवतेस, तेव्हा उपाय तूच कळव. इथला मेकॅनिक बोलतो फार.

गुडघ्याला जप. म्हाताऱ्या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
एव्हर्टदादा


केमी
१७ जानेवारी

ती. दादास साइमीचा शि. सा. न.

हेल्वीबाईंचं वाचलं आणि हातातला पाना ठेवून खाली बसले.

आता नीट ऐक. आवाज येतोय म्हणजे फ्यूज आणि पंप शाबूत आहेत, पाणी वाटेत कुठंतरी गोठलंय. बटण दाबत राहू नकोस, पंप जळेल. गाडी दिवसभर उबदार शेडमध्ये उभी कर. काचेवर उकळतं पाणी ओतायचं नाही, तडा जातो. बाबांनी ओतलं होतं आणि तू त्यांचाच मुलगा, म्हणून लिहिते. मग बॉनेटच्या आतल्या अस्तराखाली भोकाला जोडलेली नळी काढ आणि बटण दाब. नळीतून धार आली तर भोक बुजलंय, बारीक सुईनं साफ कर. नाही आली तर बर्फ खाली, नळीत नाहीतर टाकीत. मला विचारशील तर सप्टेंबरातलं पाणचट मिश्रण तू अजून तसंच ठेवलंयस. टाकी पूर्ण रिकामी कर, उणे पस्तीसला न गोठणारं भर, आणि ते भोकांतून बाहेर येईपर्यंत पंप चालव. नाहीतर नळीत उरलेलं जुनं पाणी पुन्हा गोठेल.

वहिनींना नमस्कार. बहिणीकडून शिकावं लागलं म्हणून रुसलास तरी पत्र टाकत जा.

तुझी,
साइमी


कूसिजार्वी
३० जानेवारी

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहितेय. उत्तर हेल्वीच्या पत्त्यावर पाठवा.

तुमचा उपाय लागू पडला. टाकीत बर्फाचा गोळाच निघाला. धारा उडाल्या तेव्हा यांनी मला अंगणात बोलावून चार वेळा बटण दाबून दाखवलं. मला मात्र ते बघवेना, मी आत निघून आले. वन्सं, त्या मंगळवारी काच तेवढी घाण नव्हती. मी शेजारीच बसले होते. मला हेल्वी लांबूनच दिसत होती, तिची लाल टोपीसुद्धा. तसं यांना म्हटलं तर दोन दिवस अबोला. डॉक्टरचं नाव काढलं तर रेडिओ मोठा केला.

म्हणून मी एक केलं. वॉशर चालत नसेल तर हे गाडी काढत नाहीत. शनिवारी हे सौनातल्या वाफेत बसलेले असताना मी अस्तर उचललं आणि नळी उपटून ठेवली. कुठली उपटायची ते तुमच्याच पत्रात वाचलं होतं. आता हे रोज सुईनं भोकं टोकरतात आणि थंडीला शिव्या देतात. गाडी जागची हलत नाही. मला झोप लागते, आणि यांची बोटं गारठलेली बघून लाजही वाटते.

चूक वाटली तर रागवा, पण आपलं म्हणून रागवा.

तुमची,
लेम्पी


केमी
५ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस साइमीचा शि. सा. न.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग तेही गेलं.

वहिनी, नळी परत लावा. एखाद्या दिवशी तुमचीच छाती दुखली तर दादा नियम मोडून निघेल, आणि तेव्हा डोळेही नसतील आणि पाणीही. शिवाय त्याला कळल्याशिवाय राहायचं नाही. मी त्याला खोटं लिहिणार नाही. त्यानं पुन्हा विचारलं तर नळी बघ म्हणेन. तेवढेच दिवस तुमच्या हातात आहेत.

मी माझ्या नवऱ्यापासून त्याच्या आजाराचा कागद लपवला होता. तो गेला तेव्हा त्याला ते माहीत होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुमच्या लेखी मी अजून लहान असले तर हा आगाऊपणा पोटात घाला.

तुमची,
साइमी


कूसिजार्वी
१६ फेब्रुवारी

चि. साइमीस अ. उ. आ.

भोकं साफ, टाकी भरलेली, तरी धार नाही. सगळं तूच सांगितल्याप्रमाणे पुन्हा करायला घेतलं आणि काल अस्तर वर करून पाहिलं. नळी निघून शेजारी नीट ठेवलेली. तडा नाही, बर्फ नाही. घरात माणसं दोन, त्यातला एक मी.

तावातावानं घराकडं निघालो. पायरीपाशी थांबलो आणि परत फिरलो. नळी बसवली, काच धुतली. दुपारचं ऊन होतं. काच इतकी स्वच्छ की आहे की नाही कळेना. आत बसून समोर पाहिलं. फाटकावर आमची टपालपेटी आहे, तीस पावलांवर. तिच्यावर आमचं आडनाव मीच रंगवलंय, वीतभर अक्षरांत. मधोमध नुसतं धुकं, कडेला तेवढा पेटीचा पिवळा रंग. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. पुन्हा पाणी मारलं, पुन्हा पुसलं. किती वेळ बसलो होतो कोण जाणे, पाय बधिर झाले.

आत गेलो. लेम्पी कॉफी ओतत होती. किल्ली तिच्या बशीशेजारी ठेवली. गुरुवारी हेल्वीचा मुलगा मला डॉक्टरकडे नेतोय.

नळीबद्दल तिला विचारू नकोस. अक्षर वेडंवाकडं आलंय, त्याचं कारण आता तुला कळलंच.

तुझा,
दादा


कूसिजार्वी
९ मार्च

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांच्या मध्यावर डाग आहे. गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं हळूहळू जाईल. गाडी बंद. घरी आल्यावर मीच नळीचं सांगून टाकलं. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की अशा थंडीत रबर कुठंही सरकतं. मी रडले. यांनी आणखी कॉफी मागितली.

आता तुम्हाला हसायला देते. चौसष्टाव्या वर्षी मी गाडी शिकतेय. नियमांचं पुस्तक मी वाचते, उत्तरं हे देतात. रविवारी हेल्वीच्या मुलाला गाडी चालवायला लावून यांनी मला गोठलेल्या तळ्यावर नेलं. मी अकरा वेळा इंजिन बंद पाडलं. बसमधल्या गायीसुद्धा माझ्यापेक्षा शांत बसायच्या, असं म्हणाले. कधी गायी नेल्या होत्या, विचारलं तर सांगेनात.

पलीकडच्या काठाजवळ गाडी कशीबशी थांबवली. बर्फात भोक पाडून कुणीतरी मासे धरत बसलं होतं. हे बराच वेळ तिकडं तोंड करून होते. मग मला विचारलं की तिथं कोण बसलंय. चाळीस वर्षांत यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं की पेन्टी आहे, खालच्या घरातला, आणि त्याचं कुत्रं. मग यांनी काच खाली केली आणि पेन्टीला त्याच्या नावानं हाक मारली.

उन्हाळ्यात या. स्टेशनवर घ्यायला मी येईन, तोवर आमची आठवण गार पडू देऊ नका.

तुमची,
लेम्पी