फ्लेक्सवरचं पेटंट

नांदेड, ५ फेब्रुवारी २०२५

ती. व्यंकटकाका,
साष्टांग नमस्कार. राग आलाय, पण नमस्कार चुकवलेला नाही.

‘पेटंट मिळाल्याबद्दल दीपमालाचे हार्दिक अभिनंदन’ असा फ्लेक्स तुम्ही उदगीरच्या चौकात लावलात, त्याचा फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. काका, अजून अर्जसुद्धा भरलेला नाही! वर दिवाळीत तुम्हाला समजावताना मी काढलेली आकृती बाणांसकट छापलीत. सॉफ्टवेअरचे तेच ते तयार भाग अनेक कंपन्या वापरतात. कोणता भाग कुणी केला, कुणी बदलला, याची नोंद सगळ्यांकडे एकदम राहावी आणि मागून कुणाला खोडता येऊ नये, अशी ब्लॉकचेनची पद्धत माझ्या मैत्रिणीनं, मनतशानं, आणि मी नोकऱ्या सोडून तयार केली. अर्जाआधी ती चारचौघांत आली, तर पेटंट हातचं जातं. जीव थाऱ्यावर नाही. फ्लेक्स कधी लावला, ते लगेच कळवा.

आशीर्वाद असू द्या, फ्लेक्स नको.
तुमची दीपमाला

उदगीर, ८ फेब्रुवारी

चि. दीपमाला,
अनेक आशीर्वाद. फोन उचलत नाहीस म्हणून लिहायलोय. फ्लेक्स गेल्या आठवड्यातच लावला होता; तुझं पत्र आलं तसा उतरवला. नुसत्या फोटोत तू निवडणुकीला उभी राहिल्यासारखी दिसत होतीस, म्हणून आकृती टाकली. काकू मला लई बोलली.

आता ऐक. फ्लेक्सवाला आपलाच माणूस आहे. बिलावर पुढच्या महिन्याची तारीख घालतो म्हणाला. फोटो मी सगळ्यांना पुसायला लावतो. तू अर्ज भरून टाक. उदगीरला बघायला कोण येतंय?

घास गोड लागत नाही. माया कमी करू नकोस.
तुझा काका

नांदेड, १२ फेब्रुवारी

ती. काका,
साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र मनतशाला वाचून दाखवलं. खरं सांगते, क्षणभर मोह झाला. पण मागची नोंद कुणाला बदलता येऊ नये म्हणून इतका आटापिटा केला, आणि पहिली नोंद आम्हीच बदलायची? अर्ज भरत नाही. पोटभर रडले. अजून कशात लक्ष लागत नाही.

फोटो मात्र पुसू नका. वकीलबाई म्हणाल्या, तो राहिला तर दुसऱ्या कुणालाही याचं पेटंट घेणं अवघड जाईल. आम्ही ही पद्धत सगळ्यांना खुली करतोय.

तेव्हा फ्लेक्स नवा छापा. पेटंटची ओळ काढा आणि माझ्या नावाशेजारी मनतशाचं नाव घाला. ते तुम्ही गाळलंत. फोटो आला तेव्हा तिनं आधी स्वतःचं नाव शोधलं.

लोभ आहेच, तो दोघींवर ठेवा.
तुमची दीपमाला